एका ओळीच्या पॅचला आठवडा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टीममध्ये नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो: "केसीसॅननं डेटा रेस दाखवली, फंक्शनचं नावही दिलं. मग रीड-वन्स, राइट-वन्स लावून मोकळं व्हायचं! आठवडा कशाला?" पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती आणि केसीसॅन म्हणजे डेटा रेस शोधणारं साधन. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) काही समन्वय न ठेवता एकाच मेमरीला हात लावतात आणि त्यातला निदान एक तिथं लिहितो, ती डेटा रेस. रीड-वन्स, राइट-वन्स म्हणजे 'ही किंमत एकदाच, सरळ वाच किंवा लिही' असं कंपायलरला बजावणाऱ्या खुणा.

केसीसॅन लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलं २०२० साली, ५.८ आवृत्तीत. काम मोठं मजेशीर करतं. मेमरीला हजारो वेळा हात लागला की त्यातल्या एखाद्यावर पहारा बसवतं आणि त्या थ्रेडला ८० मायक्रोसेकंदांपर्यंत तिथंच थोपवून धरतं. तेवढ्यात दुसरा सीपीयू त्याच जागी लिहायला आला, की दोघंही रंगेहाथ सापडले. पण दोन्हीकडे 'वन्स' लावलंत, तर हे जाणूनबुजून केलंय असं समजून पहारेकरी गप्प बसतो. गोम इथंच आहे.

एका ड्रायव्हरमधला काउंटर दोन सीपीयू एकाच वेळी वाढवत होते. दोघांनी ४१ वाचलं, दोघांनी ४२ लिहिलं. व्हायला हवे होते ४३. 'वन्स' लावलं तरी ४२च, फक्त तक्रार बंद! मी नेमकं तेच करून पॅच पाठवला होता. रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न आला, "हा आकडा वाचतं कोण?"

शोधलं तर दोन जागा. एक नुसती डीबगसाठी छापणारी. तेवढंच असतं तर 'इथली रेस चालेल' असं सांगणारा डेटा-रेस मॅक्रो आणि वर एक कॉमेंट, काम संपलं. एकदोनचा फरक तिथं कुणाला खुपतो? दुसऱ्या जागी मात्र त्याच आकड्यावरून बफर मोकळा करायचा की नाही ते ठरत होतं. एक वाढ हरवली, की दुसरा वापरत असतानाच बफर फ्री! शेवटी तिथं रेफकाउंट घातला, म्हणजे किती जण वापरतायत ते एकही वाढ न हरवता मोजणारा काउंटर.

'वन्स' वाईट नाही हं. फ्लॅग बदलायची वाट बघत फिरणाऱ्या लूपमध्ये कंपायलर तो फ्लॅग एकदाच वाचून ठेवू शकतो आणि मग लूप कायमचा फिरत राहतो. तिथं रीड-वन्स हवंच. पण 'डेटा तयार आहे' असं तो फ्लॅग सांगत असेल, तर अक्वायर-रिलीज लागतं, म्हणजे आधी डेटा आणि मगच फ्लॅग दिसेल असा क्रम पाळायला लावणारं वाचन-लेखन.

आणि आठवडा? पॅच लिहायला तास पुरला. बाकीचे दिवस गिट ब्लेमनं (कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडनं) मागं मागं जाण्यात गेले, कारण हा काउंटर पूर्वी लॉकखाली, म्हणजे एका वेळी एकालाच हात लावू देणाऱ्या कुलपाखाली, असणार अशी शंका होती. होताच. तो लॉक निघाला होता एका 'क्लीनअप' पॅचमध्ये, एका ओळीच्या.