हा पिवळा तो पिवळा नव्हे

"हा पिवळा तो पिवळा नव्हे," एवढंच म्हणून सत्तरी ओलांडलेल्या एका हौशी खनिजसंग्राहकांनी काड्यापेटी माझ्या टेबलावर ठेवली. आत बव्हेरियातल्या हागेनडोर्फ-सूद इथल्या पेग्मटाइटचा, म्हणजे मोठाल्या स्फटिकांच्या खडकाचा, बोराएवढा तुकडा. ही खाण चालली फेल्डस्पारसाठी, पण आम्हा खनिजवाल्यांना ती ठाऊक आहे फॉस्फेटांमुळे. तिथलं ट्रिफिलाइट, हे लिथियम-लोखंडाचं फॉस्फेट, पाण्यानं झिजत, गंजत गेलं आणि त्यातून एकामागून एक फॉस्फेटं तयार झाली. तुकड्याच्या पोकळीत स्ट्रन्झाइट या अशाच एका फॉस्फेटाचे वाळल्या गवतासारखे पिवळे केस होते. त्यांच्या बुडाशी पाच पात्या: मधापेक्षा फिकट, कडेला किंचित हिरवट.

या घराण्यात ओळख पटवणं भारी अवघड. लाउआइट, स्यूडोलाउआइट, स्टीवर्टाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच, फरक फक्त अणूंच्या मांडणीत. म्हणजे नुसत्या रसायनावर भागत नाही. नुसत्या मांडणीवरही नाही, कारण मँगनीज आणि लोखंड यांच्यात एकाच इलेक्ट्रॉनचा फरक, तो एक्स-रेला जेमतेम कळतो.

चार पात्या एपॉक्सीत बसवल्या, घासल्या, इलेक्ट्रॉनांच्या झोतानं (बीमनं) रसायन मोजणाऱ्या प्रोबसाठी दिल्या. सोबत चिठ्ठी: बीम पसरवून ठेवा, करंट कमी. या खनिजांत वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी असतं, त्यामुळे ऑक्साइडांची बेरीज ७० च्या आसपास यायला हवी. माझी ८४ आली, म्हणजे बीमनं पाणी उडवलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर प्रत्येक पातीला काळ्या कडांचे खळगे. फेल्डस्पारला लावतात तोच बीम लावला होता. चिठ्ठी घडीसकट तशीच परत आली. एवढं महागडं यंत्र घ्यायचं आणि दोन ओळी वाचायच्या नाहीत, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याच संध्याकाळी पाचवी पाती काचेच्या तंतूवर चिकटवून, एक्स-रेनं अणूंची मांडणी शोधणाऱ्या डिफ्रॅक्टोमीटरवर चढवली. लांबी जेमतेम ५० मायक्रॉन. रात्री सव्वादहाला युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मांडणीचा सर्वांत छोटा चौकोना, आला. त्या तिघांपैकी कुणाचाच नाही, स्ट्रन्झाइटचाही नाही. मी तीनदा पुन्हा काढून पाहिला. जे आम्हाला इतक्या यंत्रांनी दिसलं, ते त्यांना खिशातल्या भिंगातून दिसलं होतं. आमच्याकडे 'हौशी' हा शब्द ज्या सुरात उच्चारतात, तो तेव्हापासून मला ऐकवत नाही.

नवं खनिज छापण्याआधी आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाची मान्यता लागते. आयोगाला भरवशाचं रसायन हवं, आणि मूळ नमुना संग्रहालयात जमाही हवा. माझ्याकडे उरली आहे एक पाती. घासली तर रसायन मिळेल, पण मग अखंड स्फटिक एकही राहणार नाही. तुकडा तीन वेळा पालथा घातला, सहावी पाती सापडली नाही.

काल त्या गृहस्थांचा फोन आला. "नवं आहे ना?"

"मांडणी नवी आहे," मी म्हटलं.

चार पात्या जळाल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. पाचवी डबीत आहे. डबीवर लाल शाईनं, ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय: मला विचारल्याशिवाय बीमखाली नेऊ नये.