कोजागरीला डोंगरात

शनिवार, २० सप्टेंबर. एडिसन, न्यू जर्सी

सकाळपासून लॅपटॉपवर न्यू हॅम्पशायरचा नकाशा उघडून बसले आहे. कुठल्या आठवड्यात कुठली झाडं रंगणार, याचा अंदाज सांगणारा नकाशा. खालचा बाण सरकवला की हिरवं पिवळं होतं, पिवळं लाल होतं आणि मग सगळं चॉकलेटी. चिरंजीवांनी तो बाण इतक्या वेळा मागेपुढे केला की माझ्या डोळ्यांदेखत दहा शरद ऋतू येऊन गेले.

त्या चॉकलेटीची मला धास्ती आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हरमाँटला गेलो होतो. पानं सगळी खाली, वर नुसत्या काड्या. मोटेलवाल्याने चेहरा पाडून "गेल्या शनिवारी यायला हवं होतं" म्हटलं आणि पैसे मात्र पुरते घेतले. तेव्हापासून नवरा माझ्या सहलींना 'पानगळ दर्शन' म्हणतो.

यंदा आई आहे, म्हणून जास्त जीव अडकलाय. तिचं परतीचं तिकीट १५ ऑक्टोबरचं. दिवाळीला साताऱ्याचं घर बंद ठेवायचं नाही, हे ती विमानातून उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशीच सांगून मोकळी झाली होती. म्हणजे हातात दोनच शनिवार-रविवार: ४ ऑक्टोबरचा किंवा ११ चा. सोमवारी १३ तारखेला सुट्टी आहे, म्हणून ११ ला सगळी बॉस्टन आणि अर्धी जर्सी तिथेच असणार. खोलीचा भाव रात्रीला तीनशेच्या वर, शिवाय दोन रात्री घ्यायलाच हव्यात.

जायचंय कँकामॅगस हायवेला. लिंकनपासून कॉनवेपर्यंत साधारण ५५ किलोमीटर, सगळा व्हाइट माउंटन्सच्या जंगलातून. वाटेत एकही पेट्रोल पंप नाही, फोनला रेंज नाही. आईचा गुडघा चढाला नको म्हणतो, पण इथे गाडी बाजूला लावून उतरलं की समोर दरी, त्यामुळे तिच्यासाठी बेस्ट. कँकामॅगस हे सतराव्या शतकातल्या पेनाकूक या इथल्या मूलनिवासी लोकांच्या प्रमुखाचं नाव. इथले लोक नुसतं 'कँक' म्हणतात. आईने पहिल्याच दिवशी त्याचं 'कांचनमागस' करून टाकलं. दसरा गुरुवारी, २ तारखेला. आपट्याची पानं वाटून झाली की दोन दिवसांनी कांचनाचा घाट, तिला हे एकदम पटलंय.

माउंट वॉशिंग्टनवर दात्यांच्या रुळावरून चढणारी गाडी आहे, १८६९ पासूनची. तिकिटं पाहून आम्ही सगळेच एकदम गप्प झालो.

दुपारी आईला विचारलं, कुठला शनिवार? तर म्हणे, "पण पानं गळताना बघायला एवढे पैसे?" मग मी माझं ज्ञान पाजळलं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा उतरला की दिसायला लागतो. मेपलचा लाल मात्र झाड याच दिवसांत नव्याने बनवतं, पानात अडकलेल्या साखरेतून. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा, पण दहिवर गोठेल इतका नाही, असं जमलं तर लाल चढतो. पाऊस कमी पडला की पानं लवकर वाळून गळतात, आणि यंदा तिकडे पाऊस कमीच झालाय. म्हणून माझा कल ४ कडे.

तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्याकडे कुसुंब लाल होतो तो पालवी फुटताना. फाल्गुनात घाट उतरताना बघ, अख्खं झाड पेटल्यासारखं. तुमची झाडं निरोपाला नटतात, आमची बारशाला." आणि पोळी तव्यावर टाकली. खरं तर कुसुंब मी कित्येकदा पाहिलाय, एसटीच्या खिडकीतून, उलटी येऊ नये म्हणून तोंडात आवळासुपारी धरून. पण बघायला म्हणून कधी गेले नाही. कोणी नकाशा काढला नव्हता ना.

शेवटी कौल कोजागरीने दिला. कॅलेंडर उलटताना आईला दिसलं: ६ ऑक्टोबर, सोमवार. पौर्णिमा! दोन दिवस रजा टाकली तर शनिवारी निघून मंगळवारी परत, सोमवारची गर्दी नाही आणि चंद्र डोंगरात. तिथून पुढे प्लॅन माझा राहिलाच नाही. दूध घरून आटवूनच न्यायचं, बर्फाच्या खोक्यात. मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये ऊन करायचं. केशर तिच्या पर्समध्ये, चारोळ्या माझ्याकडे. स्वेटर प्रत्येकी दोन. सहा तासांच्या ड्राइव्हला दशमी आणि लसणाची चटणी. "चिवडा नको, गाडीभर सांडतो" हे नवऱ्याकडे बघून.

फक्त बुकिंग आज नाही. उद्या सर्वपित्री. "सोमवारी घट बसले की कर, पितृपक्षात नको." मी म्हटलं, खोल्या संपतील. म्हणे, "संपू देत, नशिबात असेल ती राहील."

रात्री अकराला परत पाहिलं. आमच्या बजेटमधली एकच खोली शिल्लक. आई झोपलीये. पैसे तिथे गेल्यावर द्यायचेत, आज नुसतं नाव घालायचं. याला काही कोणी बुकिंग म्हणत नाही.

घातलं. सोमवारी तिच्यासमोर परत एकदा करीन.