नऊ तास अंथरुणात, साडेपाच तास झोप

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी ताळगाव पठारावरील विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत असताना मला रात्री दोन-अडीचपर्यंत झोप लागेनाशी झाली. आईने वाळपईहून पाठवलेले जायफळ दुधात उगाळून घेतले, तरी फरक पडला नाही. शेवटी झोपेची गोळी मिळेल या अपेक्षेने मी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) बाह्यरुग्ण विभागात गेले.

गोळी मिळाली नाही. डॉक्टरांनी आधी पिट्सबर्ग निद्रा निर्देशांकाची प्रश्नावली भरून घेतली. १९८९ पासून वापरात असलेल्या या प्रश्नावलीत एकूण २१ गुण असतात आणि ५ पेक्षा अधिक गुण झाल्यास झोपेचा दर्जा खालावलेला मानतात. माझे १२ झाले. पुढचे दोन आठवडे मी झोपेची रोजनिशी लिहिली, तेव्हा मी नऊ तास अंथरुणात असते आणि त्यातले साडेपाच तासच झोपते, म्हणजे जेमतेम ६१ टक्के, हे दिसून आले. वाचन, खाणे, मोबाइल हे सारे मी खाटेवरच करीत असल्याने, खाट म्हणजे जागे राहण्याची जागा, अशीच मेंदूची समजूत झाली होती.

यावरचा उपाय मला उलटाच वाटला: रात्री एकच्या आधी आडवे व्हायचे नाही, साडेसहाला उठायचेच आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात खुर्चीवर बसायचे. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा चहाही बंद झाला. दुपारी एक ते चार दुकानांना कुलपे लावणाऱ्या गोव्यात दुपारची डुलकी सोडणे मात्र मला सर्वांत जड गेले. पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत पेंगताना ब्युरेटमधले द्रावण दोनदा जास्त पडले. दुसऱ्या आठवड्यापासून पाठ टेकताच डोळे मिटू लागले आणि अंथरुणातल्या वेळेतील झोपेचे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेल्यावर डॉक्टरांनी अंथरुणातली वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवून दिली.

मध्येच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणाऱ्या आरत्या रात्री दोनपर्यंत चालत, तरी मी साडेसहालाच उठत असे. "चवथीला तरी जरा पड गो," असे आई रोज म्हणे.

दिवाळीनंतर पुन्हा प्रश्नावली भरली, तेव्हा ४ गुण आले. आता साडेअकराला झोपते. खुर्ची अजून खिडकीपाशीच ठेवली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ती लागते.