नारिंगी थेंब, जांभळे धागे

काल रात्री साडेअकरापर्यंत लॅबमध्येच होते, माझा पॉलिमर धुणारं सॉक्सलेट (गरम सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) चालू होतं म्हणून. आधी मिथेनॉल, मग हेक्झेन असं दोन दिवस झालं, आणि काल क्लोरोफॉर्म लावला तसं थिंबलमधून (पॉलिमर ठेवलेल्या कागदी नळीतून) गडद नारिंगी सोल्युशन खाली उतरायला लागलं. ते रोटावर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर) आटवून थेंब थेंब मिथेनॉलमध्ये सोडलं, तर नारिंगी थेंब पडला रे पडला की त्याचे जांभळे धागे होऊन खाली बसतात. सात-आठ वेळा पाहिलंय, तरी दरवेळी हातातलं काम ठेवून बघत बसते.

हा पॉलिमर म्हणजे पी३एचटी, पॉली-३-हेक्झिलथायोफीन, एक अर्धवाहक प्लास्टिक: थायोफीनच्या रिंगांची लांब साखळी आणि प्रत्येक रिंगला सहा कार्बनची शेपटी. रंग बदलतो कारण क्लोरोफॉर्ममध्ये साखळी सुटी, पिळलेली असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन मोजक्याच रिंगांवर पसरतात. घन झाला की साखळ्या सपाट होऊन एकीवर एक रचल्या जातात, इलेक्ट्रॉनना लांबवर मोकळीक मिळते, बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा) १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास उतरतो आणि मग हिरवा, पिवळा प्रकाशही शोषला जातो.

मला विचाराल तर सगळी कमाल त्या सहा कार्बनच्या शेपटीची आहे. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअसेटिलीन या दुसऱ्या पॉलिमरला आयोडिन दाखवून त्याची वाहकता कोटीच्या पटीत वाढवली, २००० चं नोबेल त्यालाच मिळालं, पण ते पॉलिअसेटिलीन ना कशात विरघळतं ना हवेत टिकतं. १९९० मध्ये केंब्रिजच्या ग्रुपनं पीपीव्ही या पॉलिमरमधून पिवळा-हिरवा प्रकाश काढून दाखवला, तिथेही तीच अडचण, म्हणून आधी विरघळणारा प्रिकर्सर (पीपीव्हीच्या आधीचा टप्पा) काचेवर पसरायचा आणि मग तापवून त्याचं पीपीव्ही करायचं. शेपटी लावली की ही कटकटच संपते, पॉलिमर विरघळतो आणि त्याची सरळ शाई होते.

फक्त शेपट्या एका क्रमानं लागायला हव्यात. दोन शेपट्या समोरासमोर आल्या की एकमेकींना आपटतात, रिंग वळते आणि इलेक्ट्रॉनची वाट तिथेच तुटते. रसायनशास्त्रज्ञ मॅककलो यांच्या ग्रुपनं १९९२ मध्ये सगळ्या शेपट्या नीट क्रमानं लावून दाखवल्या. आम्ही करतो ती त्यांचीच नंतरची ग्रिम पद्धत, डायब्रोमो मोनोमरचं (दोन ब्रोमिन असलेल्या सुट्या रिंगेचं) ग्रिन्यार, म्हणजे मॅग्नेशियम जोडलेलं संयुग, करायचं आणि निकेल कॅटलिस्ट टाकायचा, कॅटलिस्ट जितका कमी तितकी साखळी लांब.

आणि ग्रिन्यारला पाणी अजिबात चालत नाही! जुलैत पुण्याच्या दमट हवेत माझ्या दोन बॅच गेल्या, फ्लास्कमध्ये नुसतं फिकट पिवळं पाणी, फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून फ्लास्क रात्रभर ओव्हनमध्ये असतो, आणि टीएचएफ या सॉल्व्हंटच्या स्टिलमधला (ऊर्ध्वपातनाच्या उपकरणातला) सोडियम-बेन्झोफिनोनचा निळा रंग, म्हणजे पाणी उरलं नसल्याची खूण, पक्का झाल्याशिवाय मी थेंबभरही काढत नाही.

आता यातून सोलर सेल करायचाय. प्रकाशानं तयार झालेला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याच्या रिकाम्या जागेची जोडी) जेमतेम १० नॅनोमीटर जातो आणि विझतो, म्हणून पी३एचटीमध्ये इलेक्ट्रॉन ओढून घेणारं पीसीबीएम मिसळूनच फिल्म ओततात, म्हणजे कुठूनही निघाला तरी दोघांमधली सीमा, जिथे ही जोडी फुटते, जवळच सापडते. पी३एचटी-पीसीबीएमच्या सेलची कार्यक्षमता ४-५ टक्क्यांवर अडते, नवे पॉलिमर १९ च्या पुढे गेलेत, हे माहितीये मला. पण शिकायला यासारखा पॉलिमर नाही, काय चुकलं ते डोळ्यांना दिसतं.

धागे आत्ता व्हॅक्यूममध्ये सुकतायत. सोमवारी ग्लोव्हबॉक्स (हवाबंद, कोरडी पेटी) मिळालाय, स्पिन करून (काच गरगर फिरवत तिच्यावर फिल्म पसरून) १५० डिग्रीला दहा मिनिटं ठेवणार, लालसर फिल्म जांभळी होताना दिसली की मगच इलेक्ट्रोड चढवेन.