तुम्ही विचारलंत म्हणून: स्टोन्सची मैफल, आणि त्यांचं एकही गाणं नाही

‘रोलिंग स्टोन्सचं काय पाहू?’ असं कोणी या इंग्रज रॉक बँडबद्दल विचारलं की मी चेकरबोर्ड लाउंजमधल्या मैफलीच्या फिल्मचं नाव सांगतो. मग काही दिवसांनी तोच माणूस जरा घुश्शातच परत येतो. ‘अहो, यात त्यांचं एकही गाणं नाही. ड्रमवर चार्ली वॉट्स नाही, बेसवर बिल वायमन नाही. सुरुवातीला तर ते स्टेजवरही नाहीत, टेबलाशी बसून पितायत. ही कसली स्टोन्सची मैफल?’

तक्रार अगदी खरी आहे. तरी मी नाव बदलत नाही. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकतो.

मैफल २२ नोव्हेंबर १९८१ची, रविवार रात्रीची. शिकागोच्या साउथ साइडला, ४३व्या रस्त्यावर चेकरबोर्ड लाउंज नावाचा ब्लूजचा, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा, क्लब होता. १९७२पासून त्याच्या मालकांपैकी एक होता गिटारवादक बडी गाय. वस्ती कृष्णवर्णीयांची, क्लब छोटासा, छत बुटकं, स्टेजला भिडलेली लांबच लांब टेबलं. त्या रात्री गाणार होता ब्लूजचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स. वय अडुसष्ट. आणि दुसऱ्या दिवसापासून सलग तीन रात्री शहराबाहेरच्या रोझमॉन्ट होरायझन या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये स्टोन्सचे कार्यक्रम होते. ‘टॅटू यू’ हा त्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेला, दौरा अवाढव्य, इतका की सुगंधी द्रव्यांच्या कंपनीने तो प्रायोजित केलेला. त्या दौऱ्यात त्यांचा गायक मिक जॅगर क्रेनच्या पाळण्यात उभा राहून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून फिरायचा. अशा माणसांनी मोकळ्या संध्याकाळी ४३व्या रस्त्यावर यावं, यामागे वीस वर्षांचा हिशेब आहे.

१९६१ साली लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवर दोन जुने शाळासोबती पुन्हा भेटले. एकाच्या काखेत रेकॉर्डी होत्या, एक रॉक अँड रोलवाल्या चक बेरीची, एक मडी वॉटर्सची. त्या बघून दुसरा बोलायला थांबला. पहिला जॅगर, दुसरा पुढे स्टोन्सचा गिटारवादक झालेला कीथ रिचर्ड्स. पुढच्या वर्षी बँड जमला आणि नाव ठेवायची वेळ आली, तेव्हा बँडमधल्याच ब्रायन जोन्सने मडीच्या १९५०च्या ‘रोलिन स्टोन’ या गाण्यावरून ते उचललं. १९६४मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा गेले तेव्हा ही पोरं शिकागोत मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या चेस स्टुडिओत रेकॉर्डिंग करायला धावली, कारण मडीच्या रेकॉर्डी चेस कंपनीच्याच. कीथ सांगतो की तिथे पोचलो तर मडी वॉटर्स शिडीवर चढून छताला रंग देत होता. चेस कुटुंबातला मार्शल चेस म्हणतो, असलं काही कधी घडलंच नाही. मला मार्शलचं खरं वाटतं. पण कीथला ती गोष्ट का सांगावीशी वाटते तेही कळतं: ज्याच्या नावावर आपण मोठे झालो तो तिकडे हातात ब्रश घेऊन उभा, ही टोचणी त्याला आयुष्यभर पुरली असावी.

आता फिल्म. सुरुवातीला मडीचा बँड एकटाच वाजवतो. जॉन प्रायमरची गिटार, लव्ही लीचा पियानो, मोजो ब्यूफर्डचा माउथ ऑर्गन. ही माणसं रोज रात्री हेच करणारी, कॅमेरे आलेत म्हणून अंगात आलेलं नाही. अनेकजण हा भाग पुढे ढकलतात. ढकलू नका. या बँडचा ठेका कानात बसला नसेल तर पुढे चार गिटारी एकदम स्टेजवर आल्यावर नेमकं काय विस्कटलं आणि काय टिकलं ते कळणारच नाही.

मग मडी येतो. ‘कंट्री बॉय’ गातो आणि बोटातली नळी तारांवरून सरकवतो. सूर कापल्यासारखा लांब जातो, थरथरतो, पट्टीच्या जरा खाली राहतो. तसाच ठेवायचा असतो तो. मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा हा माणूस. १९४१मध्ये ॲलन लोमॅक्स लोकगीतं गोळा करत तिथे पोचला आणि त्याने मडीला पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. दोन वर्षांनी मडी शिकागोला आला. इथल्या गोंगाटी दारूच्या गुत्त्यांत साधी गिटार कोणाला ऐकू जायची नाही, म्हणून विजेची घेतली. पुढचं जवळजवळ सगळं रॉक त्या एका अडचणीतून निघालं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

स्टोन्स क्लबमध्ये शिरतात तेव्हा मडी गात असतो, आणि तो गाणं थांबवत नाही. पुढच्या टेबलाशी जागा होते, ग्लास येतात. जॅगर लाल ट्रॅकसूटमध्ये, जणू धावायला निघाला होता आणि वाटेत आत शिरला. कॅमेरा त्यांच्याकडे वळतो, आणि माझ्या मते ही सगळ्या फिल्ममधली सर्वांत मोलाची मिनिटं आहेत. जगातले सर्वांत प्रसिद्ध गायक-वादक इथे फक्त श्रोते आहेत. स्टेडियममध्ये यांना ऐकायला सोयच नसते. तिथे ते सतत देत असतात. इथे ते घेतायत, आणि घेताना त्यांचे चेहरे कसे दिसतात ते बघायला मिळतं.

‘बेबी प्लीज डोन्ट गो’ चालू असताना मडी जॅगरला नावाने हाक मारतो. जॅगर जातो. थोड्या वेळाने कीथलाही बोलावणं येतं आणि तो सरळ टेबलावर चढतो, ग्लास-बाटल्यांमधून चालत स्टेजवर उतरतो. सगळे लोक याच प्रसंगाबद्दल बोलतात, आणि दिसायला तो रुबाबदार आहेच. पण मला त्यापेक्षा पुढचं आवडतं. कीथ स्टेजवर पोचल्यावर काय करतो? जवळजवळ काहीच नाही. गिटार अडकवतो आणि मडीच्या बँडच्या ठेक्यात शिरतो. गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याने मधूनच एखादा सूर लावावा, तोही गुरूने मागे वळून पाहिलं तरच, तेवढंच. स्टोन्सचा दुसरा गिटारवादक रॉनी वूड, त्याला मात्र हसू आवरत नाही. त्याला कोणीतरी अख्खं मिठाईचं दुकान दिलंय असा चेहरा घेऊन तो वाजवतो.

जॅगरचं काम कठीण आहे. ‘हूची कूची मॅन’मध्ये बँड एक छोटा सुरांचा तुकडा वाजवतो आणि थांबतो. त्या रिकाम्या जागेत गायकाने ओळ टाकायची, पुन्हा तुकडा, पुन्हा जागा. मागे आधाराला काही नसतं, आवाज उघडा पडतो. मडी त्या जागेत किंचित उशिरा उतरतो. इतका उशिरा की आता चुकला असं वाटावं, आणि तेवढ्यात शब्द येतो. हे घाईने जमत नाही आणि शिकवून येत नाही. जॅगर ओळ उचलतो तेव्हा तो नेहमीसारखा लवकर आत शिरतो, हातवारे करतो, थोडा जास्तच गातो. ‘लाँग डिस्टन्स कॉल’मध्ये तर दोघांतला फरक उघड दिसतो. मडी एक ओळ ओढतो, क्लबमधल्या बायका ओरडून दाद देतात; जॅगर तीच तऱ्हा करून बघतो आणि त्याला स्वतःलाच हसू येतं. मडीही हसतो. दोघांनाही माहीत आहे की इथे कोण कोणाचं गातोय. ज्या माणसाने साठ-सत्तर हजार लोकांना बोटावर नाचवलंय, तो इथे दुसऱ्या नंबरवर आहे, आणि त्या नंबरवर खूश आहे. ‘त्यांचं एकही गाणं नाही’ या तक्रारीवर माझं उत्तर हेच आहे. त्यांची गाणी असती तर हे दिसलंच नसतं.

‘मॅनिश बॉय’पर्यंत बडी गाय, माउथ ऑर्गनवाला ज्युनियर वेल्स आणि डावखुरा गिटारवादक लेफ्टी डिझही स्टेजवर आलेले असतात. गर्दी होते. गिटारी एकमेकींच्या पायांत येतात, माइक कोणाचा ते कळत नाही, ध्वनीचं संतुलन ढासळतं. बॉब क्लिअरमाउंटनने पुढे त्याचं मिक्सिंग करून बरंच सावरलंय, पण सगळं सावरणं शक्य नव्हतं, आणि सावरलं नाही ते बरंच झालं. गाणं एकाच कॉर्डवर उभं आहे, म्हणून ही जत्रा कोसळत नाही. मडी स्टेजवरून उतरल्यानंतरचा भाग मात्र लांबतो. तो मी स्वतःही दरवेळी पूर्ण बघत नाही.

एका माणसाकडे लक्ष द्या म्हणून मुद्दाम सांगतो, कारण कॅमेरा देत नाही. इयन स्टुअर्ट. पियानोवर. स्टोन्सच्या पायाभरणीतला हा गडी. १९६३मध्ये मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅमला त्याचा चेहरा पॉप बँडला शोभणारा वाटला नाही, म्हणून त्याला फोटोतून काढलं. तो रागावून निघून गेला नाही. सामान वाहिलं, गाडी चालवली, वाजवायला सांगितलं तेव्हा वाजवलं, आणि मायनर कॉर्ड आल्या की हात उचलून बसला, कारण त्याला त्या आवडायच्या नाहीत. ब्लूज आणि बूगी (पियानोवरचा धावता ब्लूज) हेच त्याचं घर. त्या रात्री स्टेजवर स्टोन्सपैकी कोणी खऱ्या अर्थाने घरी असेल तर तो स्टुअर्टच असावा. चारच वर्षांनी तो गेला.

आता दुसरी तक्रार, जी जरा जाणकार मंडळी करतात. ‘गोऱ्या पोरांनी यांचं संगीत घेतलं, कोट्यधीश झाले, आणि वर्षानुवर्षांनी एक रात्र येऊन बसले. यात भारावण्यासारखं काय आहे?’ प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या दिवशी स्टोन्सच्या तिकिटांतून जमलेला पैसा आणि मडीची त्या रात्रीची बिदागी शेजारी मांडली तर भारावणं ओसरेल. बडी गायसारख्या वादकाला तर त्या काळात अमेरिकेत रेकॉर्ड काढायला धड कंपनी मिळत नव्हती. दुसरीकडे, १९६५मध्ये अमेरिकेच्या एका टीव्ही कार्यक्रमाने बोलावलं तेव्हा स्टोन्सनी अट घातली होती की सोबत ब्लूज गायक हाउलिन वुल्फला घ्या, आणि गोऱ्या घराघरांत तो दिसला. मडीनेही मुलाखतींतून मान्य केलं होतं की या इंग्रज पोरांमुळे गोऱ्या अमेरिकनांना आपलं नाव कळलं. त्यात कडवटपणा नसेलच असं नाही. फिल्म या प्रश्नाचा निकाल लावत नाही. पण स्टेजवर हुकूम कोणाचा चालतोय ते स्पष्ट दाखवते: कोणाला हाक मारायची, कोणी कधी थांबायचं, कडवं कोणाला द्यायचं, सगळं मडी ठरवतो.

मडी वॉटर्स ३० एप्रिल १९८३ला वारला, म्हणजे या रात्रीनंतर दीड वर्षाने. चेकरबोर्ड २००३मध्ये त्या जागेतून बंद झाला. पूर्ण मैफल रीतसर बाजारात आली ती २०१२ साली. तोवर तिचे तुकडेच चोरून-मारून फिरत होते.

२००३च्या एप्रिलमध्ये स्टोन्स मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले होते, आणि मला ‘स्टोन्स’ म्हणून प्रश्न विचारणारे बरेचजण त्या रात्रीच्या आठवणीपासून सुरुवात करतात. आणि २०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा तिथे वाजवायला आला होता बडी गाय, चेकरबोर्डचा तोच मालक. म्हणजे या फिल्ममधली काही माणसं आपल्याकडे येऊन वाजवून गेली आहेत.

फिल्म आवडली तर पुढे मडीचा १९७७चा ‘हार्ड अगेन’ ऐका, गिटारवादक जॉनी विंटरने निर्मिती केलेला. त्यातला ‘मॅनिश बॉय’ चेकरबोर्डपेक्षा कितीतरी घट्ट आहे. नाही आवडली, तर त्याच १९८१च्या दौऱ्यावर हॅल ॲशबीने केलेला ‘लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर’ हा सिनेमा बघा. ॲरिझोनातल्या टेम्पेचं भरलेलं स्टेडियम आहे, चार्ली आहे, बिल आहे, आणि गाणी बहुतेक त्यांची आहेत.