तुम्ही विचारलंत म्हणून: पित्त नव्हे, खडे

"ताई, ते खडे औषधाने विरघळत नाहीत का हो?" सोनोग्राफीचा कागद हातात पडला की लोक मला हेच विचारतात. पित्ताशयातल्या खड्यांचं माझं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली, पण सोसायटीत अजून मी 'खडेवाल्या ताई'च आहे. जिन्यात गाठून विचारलं की दोन वाक्यांपलीकडे सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर.

आधी माझा गाढवपणा. दीड वर्ष मी त्या दुखण्याला 'पित्त' म्हणत होते. आपल्याकडे आंबट ढेकर आली तरी पित्त, डोकं ठणकलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. जठरातलं आम्ल वेगळं आणि यकृतात तयार होणारं हिरवट-पिवळं पित्त वेगळं, हे शाळेत शिकलेलं पार विसरले होते. रात्री दुखलं की ॲसिडिटीची गोळी आणि थंड दूध. दोनेक तासांनी दुखणं आपसूक थांबायचं आणि श्रेय गोळीला मिळायचं.

मग एक श्रावणी सोमवार आला. दिवसभर पोटात फक्त चहा. संध्याकाळी उपवास सोडताना भजी, मसालेभात, वर तुपाची धार. रात्री साडेअकराला दुखायला लागलं: बरगड्यांखाली, मधल्या खळग्यात, आणि तिथून आरपार उजव्या फऱ्याखाली. पोटात मुरडा येतो आणि जातो, तसं हे नव्हतं. चढत गेलं आणि चढलेलंच राहिलं. बसले, ओणवी झाले, भिंतीला पाठ टेकली. कशाने फरक पडेना. दवाखान्यात त्यांनी आधी ईसीजी काढला. पोट दुखतंय आणि हे छाती काय तपासतात, म्हणून मी वैतागले. पण हृदयाचं दुखणंही तिथेच भासू शकतं. तो नीट निघाल्यावर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मी माणसात आले. मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असलेल्यांना ते चालत नाही, त्यामुळे मनाने गोळ्या घेऊ नका.

सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी झाली. "डाव्या कुशीवर वळा," डॉक्टर म्हणाले आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मी वळले तसे पिशवीतले पांढरे ठिपके गोट्यांसारखे घरंगळत दुसऱ्या बाजूला गेले. प्रत्येकाच्या मागे काळी सावली. दीड वर्षाचं 'पित्त' ते हे.

यकृताखालची ही पिशवी, म्हणजे पित्ताशय, लहानशा वांग्याएवढी. पित्त साठवून घट्ट करते आणि तेलातुपाचं जेवण आतड्यात उतरलं की आकसून ते बाहेर ढकलते. आकसताना खडा तोंडाशी अडकला की कळ. म्हणून जेवणानंतर, बरेचदा रात्री.

आता तुमचा प्रश्न. विरघळतात, पण सगळे नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाचं औषध आहे. कोलेस्टेरॉलचे लहान खडे असतील आणि पिशवी नीट आकसत असेल, तरच त्याचा उपयोग. तेही महिनोन्महिने घ्यायचं, आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना खडे पुन्हा होतात. कुळथाचं कढण, भरपूर पाणी हे मुतखड्याचे सल्ले. पित्ताशयाची वाट लघवीकडे जातच नाही. उलट इथला खडा सुटून पित्ताच्या नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. तो सुटावा अशी इच्छासुद्धा धरू नये. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन पडणाऱ्या हिरव्या गोळ्यांचे फोटो मलाही येतात. ते खडे नसतात, त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो.

दुखत नसेल, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत खडे दिसले असतील, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. एकदा दुखायला लागलं मात्र की पुन्हा दुखण्याची शक्यता दाट, आणि मग पिशवीच काढतात. नुसते खडे काढले तर तीच पिशवी नवे घडवते. दुर्बिणीने हे ऑपरेशन भारतात पहिल्यांदा आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, १९९० साली डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केलं. माझ्या पोटावर चार बारीक छेद आहेत. दुसऱ्या दिवशी घरी आले. माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांच्या बरगडीखालची वीतभर शिवण मी पाहिली आहे.

पिशवी गेली तरी पित्त यकृतातच बनतं, आता ते थेट आतड्यात ठिबकतं. पहिले काही आठवडे तेलकट खाल्लं की संडासला धावावं लागलं, मग बसलं सगळं.

दुखण्याबरोबर ताप, थंडी, पिवळे डोळे, गडद लघवी यातलं काहीही दिसलं, किंवा कळ पाच-सहा तास हटली नाही, तर मला जिन्यात गाठू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि हो, खडे बघायला मिळणार नाहीत. नऊ होते, हरभऱ्याएवढे, एकमेकांना घासून कडा सपाट झालेले. प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिले होते. मी ती मसाल्याच्या फळीवर ठेवली, आणि सासूबाईंनी उघडून वास घेतला. त्याच संध्याकाळी डबी घराबाहेर गेली.