वात विझल्यासारखी दिसली तर थांबा

पेटवलेल्या फटाक्याची वात सुरसुरते आणि मध्येच गप्प होते. अशा वेळी वाकून बघणं, फुंकर मारणं, पायानं ढकलणं हे सगळ्यात धोक्याचं. वातीवर काळी दारू माखलेली असते. ओल लागून किंवा वात दुमडून ती कुठे झडली असेल, तर ज्योत दिसेनाशी होते, पण धाग्यातली धग हळूहळू पुढे सरकत राहते. ती चांगल्या दारूपर्यंत पोचली की उरलेली वात क्षणात जळते, आणि वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्यावरच असतो.

म्हणून किमान २० मिनिटं कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. मग लांबून भरपूर पाणी ओता, फावड्यानं उचलून बादलीत बुडवा आणि रात्रभर भिजू द्या. पुन्हा पेटवून बघायचं नाही, एकदासुद्धा. फुसक्या फटाक्यांची दारू काढून कागदावर जाळायचा खेळ मुलांना फार आवडतो. तो दिसताक्षणी थांबवा, कारण मोकळी दारू हात मागे घ्यायच्या आत भडकते.

दारूत ऑक्सिजन पुरवणारा सोरा मिसळलेलाच असतो. त्यामुळे गोणपाट टाकून ती गुदमरत नाही, पाण्यानं थंडच करावी लागते. पाण्याच्या दोन बादल्या भरल्याशिवाय पहिला फटाका पेटवू नका.

पेटवायला लांब काडीला बांधलेली अगरबत्ती घ्या. हात पूर्ण लांब करून वातीच्या फक्त टोकाला लावा, अंग बाजूला ठेवा आणि लगेच मागे व्हा. बघणारे जमिनीवरच्या फटाक्यांपासून ८ मीटर, आकाशात जाणाऱ्यांपासून २५ मीटर लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला असावेत. एवढी मोकळी जागा नसेल तर आकाशातले फटाके आणूच नका. डबा किंवा मडकं उपडं घालून फटाका फोडला, की त्याचे तुकडे सगळीकडे उडतात.

रॉकेटची काडी मोडायची नाही, तिच्यामुळेच ते सरळ जातं. काडी थेट मातीत रोवली तर अडकते आणि रॉकेट जागीच फुटतं. वाळूच्या बादलीत पाइप उभा करा आणि काडी त्यात सैल सोडा. अनेक बारांचा खोका धक्क्यांनी कलंडतो, त्याला चारही बाजूंनी विटा लावा.

फुलबाजी निरुपद्रवी वाटते, पण तिचं टोक १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, आणि विझल्यावरही तार बराच वेळ पोळते. जळून झाली की सरळ पाण्यात टाका. अंगात सुती, घट्ट बसणारे कपडे हवेत. कृत्रिम धाग्याचं कापड वितळून कातडीला चिकटतं. पायात बंद बूट घाला.

भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांतलं काही लावू नका. डोळ्याला फटाका लागला असेल तर चोळू नका, धुऊ नका, मलम घालू नका. वर कागदी कप उपडा धरा, डोळ्यावर दाब येऊ देऊ नका आणि तसंच थेट रुग्णालय गाठा.